जोखीम कोणाची, औषध कोणाला? : महाराष्ट्रातील एचआयव्ही प्रतिबंधक औषधोपचाराचा इतिहास (विशेष संदर्भ : वाळूज-बजाजनगर)

प्रस्तावना :

एखादे औषध केव्हा सापडले हा विज्ञानाच्या इतिहासाचा प्रश्न होय. ते प्रथम कोणाला दिले गेले, नंतर कोणाला आणि सर्वांत शेवटी कोणाला, हा समाजाच्या इतिहासाचा प्रश्न होय. एचआयव्हीच्या बाबतीत या दोन इतिहासांमध्ये बरेच अंतर पडलेले दिसते. 1995 साली अमेरिकेत माकडांवर झालेल्या एका प्रयोगात टेनोफोविर हे औषध विषाणूचा संपर्क होण्यापूर्वी अथवा संपर्कानंतर चोवीस तासांच्या आत सुरू केल्यास संसर्ग टळतो, असे आढळले. म्हणजे औषध हे केवळ रुग्णासाठी नसून निरोगी माणसाच्या रक्षणासाठीही वापरता येईल, ही कल्पना तीन दशकांपूर्वीच सिद्धतेच्या जवळ पोहोचली होती. भारतात मात्र अशा संसर्गपूर्व प्रतिबंधक औषधाची, म्हणजे ज्याला ‘प्रेप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते त्याची, राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे येण्यास 2022 साल उजाडले.

मधल्या काळात हीच किंवा याच वर्गातील औषधे प्रतिबंधासाठी वापरली जात नव्हती असे नाही. नवजात बालकाला ती दिली गेली, सुई टोचलेल्या डॉक्टर व परिचारिकांना दिली गेली, अत्याचारग्रस्त स्त्रीला देण्याचा नियम झाला. ज्यांची जोखीम रोजची व जाणती होती त्यांच्यापर्यंत ती सर्वांत उशिरा आली. हा क्रम रसायनशास्त्राने ठरवलेला नव्हता. तो कसा घडला आणि वाळूज-बजाजनगरसारख्या कामगार वसाहतीतून पाहता त्याचा अर्थ काय होतो, याची मांडणी प्रस्तुत निबंधात केली आहे.

साथ आणि तिची पहिली वर्गवारी :

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम 1986 साली चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन व निर्मला सेल्लप्पन यांच्या तपासणीत उघडकीस आला. ज्यांच्या रक्तात तो आढळला त्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली. या प्रारंभाचा परिणाम दीर्घकाळ टिकला. रोग ‘त्या’ स्त्रियांचा, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांचा, असे समीकरण लोकमानसात तर रुजलेच. पण शासकीय परिभाषेतही ‘अतिजोखमीचे गट’ आणि त्यांना इतर समाजाशी जोडणारे ‘सेतू गट’ अशी विभागणी रूढ झाली. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर हे या दुसऱ्या वर्गात येतात. 1992 साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) अस्तित्वात आली. त्याच वर्षी पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. ‘नारी’ या संक्षेपाने ती अनेक वर्षे ओळखली गेली. अलीकडे तिचे नाव बदलले असले तरी पुण्याच्या वैद्यकीय वर्तुळात जुनेच नाव तोंडी आहे.

या वर्गवारीला पहिला मोठा तडा पुण्यातच गेला. 1993 ते 1996 या काळात गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या 916 स्त्रियांची पाहणी डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष 1997 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांना संसर्ग होता, हे अनपेक्षित नव्हते. देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांमध्ये हे प्रमाण 13.6 टक्के निघाले. यांतील बहुसंख्य स्त्रिया विवाहित होत्या आणि पतीखेरीज अन्य कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. स्वतःच्या वर्तनात कोणतीही जोखीम नसलेली स्त्री जोखमीच्या मध्यभागी उभी होती. तिला कंडोम वापरा असे सांगणे हे वस्तुतः तिच्या नवऱ्याला सांगण्यासारखे होते. आणि मराठी कुटुंबात नववधूने नवऱ्यासमोर हा शब्द उच्चारणे किती शक्य होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. स्त्रीच्या स्वतःच्या हाती राहील असे साधन हवे, या मागणीचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

याच सुमारास सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था (1992) आणि तिच्यातून पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद (1996) उभी राहिली. मीना सेषू यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच कंडोमचे वाटप हाती घेतले. ज्यांना साथीचे ‘उगमस्थान’ म्हटले जात होते त्याच प्रतिबंधाच्या कार्यकर्त्या ठरल्या, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक ठळक प्रसंग आहे. मात्र त्यांच्या हाती त्या वेळी औषध नव्हते. कंडोम आणि संघटना एवढेच होते.

बालक, परिचारिका, पीडिता :

औषधाने संसर्ग टाळता येतो याचा मानवी पुरावा प्रथम मिळाला तो गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत. 1994 साली अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत झिडोव्हुडिन दिल्यामुळे मातेकडून बालकाला होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर आले. हे औषध महाग होते. 1999 मध्ये युगांडातील चाचणीने नेव्हिरापिनची मातेला एक व बालकाला एक अशी स्वस्त मात्रा पुढे आणली. भारतात 2000 साली पाच राज्यांतील 11 केंद्रांत झिडोव्हुडिनचा पथदर्शी प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. नंतर नेव्हिरापिनचा अवलंब करण्यात आला. स्तनपानाच्या काळात बालकाला सहा आठवडे नेव्हिरापिन द्यावे काय, या प्रश्नावरील चाचणीत इथिओपिया व युगांडाबरोबर पुण्याचे बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होते. तिचे निष्कर्ष 2008 साली लॅन्सेट या नियतकालिकात आले.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या काळात मातेला प्रसूतीपुरते औषध मिळत असे, ते बालकासाठी. तिच्या स्वतःच्या आजारासाठी मोफत औषध नव्हते. शासनाची मोफत उपचार योजना 1 एप्रिल 2004 रोजी देशातील आठ संस्थांत सुरू झाली; मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. नंतर टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत उपचार केंद्रे निघाली आणि मराठवाड्यातील रुग्णांना ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात औषध मिळू लागले. प्रत्येक गर्भवती बाधित स्त्रीला आजन्म औषध देण्याचे धोरण 2014 पासून आले. म्हणजे सुमारे चौदा वर्षे माता ही औषध-धोरणाच्या दृष्टीने मुख्यतः बालकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग होती, असेच म्हणावे लागते.

दुसरा गट आरोग्यसेवकांचा. बाधित रुग्णाची सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांनी झिडोव्हुडिन घेतल्यास संसर्गाची शक्यता सुमारे 81 टक्क्यांनी घटते, असा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावयाचा हा संपर्कोत्तर उपचार भारतातील शासकीय रुग्णालयांत रुजला आणि 2017 च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने त्याला कायदेशीर हक्काचे रूप दिले. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 रोजी अमलात आला. कामाच्या ठिकाणी संसर्गाचा मोठा धोका असलेल्या संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना हे औषध पुरवलेच पाहिजे, असे त्याचे कलम 19 सांगते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तींच्या तपासणी व उपचाराबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2014 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या औषधाचा अंतर्भाव आहे.

बालक, परिचारिका, पीडिता. या तिघांनाही संसर्गाची जोखीम आली ती त्यांच्या इच्छेविना. समाजाने त्यांना औषध देताना फारशी खळखळ केली नाही. या तिघांना औषध मिळाले हे योग्यच झाले. प्रश्न उरतो तो ज्यांच्या जोखमीत इच्छेचा, उपजीविकेचा किंवा नात्याचा भाग होता त्यांचा.

पुण्याच्या स्त्रिया आणि टेनोफोविर :

या प्रश्नाच्या उत्तराचा शोध जगात ज्या मोजक्या ठिकाणी झाला त्यांत पुणे होते, ही बाब महाराष्ट्रात फारशी ज्ञात नाही. योनिमार्गात वापरावयाच्या प्रतिबंधक जेलच्या प्राथमिक चाचण्या ‘नारी’ने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हाती घेतल्या होत्या. बफरजेल आणि प्रो 2000 ही त्यांतील सुरुवातीची दोन नावे. पुढे टेनोफोविरयुक्त जेलच्या सुरक्षिततेची व स्वीकारार्हतेची चाचणी अमेरिकेतील बर्मिंगहॅम व न्यूयॉर्क या शहरांबरोबर पुण्यात झाली. तिन्ही ठिकाणी मिळून 200 संसर्गमुक्त स्त्रियांनी तीत भाग घेतला आणि 2008 च्या फेब्रुवारीत नवी दिल्ली येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत तिचे निष्कर्ष सांगण्यात आले. जेल सुरक्षित ठरले. 2010 साली दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत त्याच जेलने संसर्ग 39 टक्क्यांनी कमी केला, तेव्हा फार मोठी आशा निर्माण झाली; नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही आणि 2015 पर्यंत जेलचा अध्याय जवळजवळ मिटला.

चाचण्यांचा मार्ग सर्वत्र सुरळीत नव्हता. टेनोफोविर गोळीच्या प्रतिबंधक चाचण्या कंबोडियात 2004 साली आणि कॅमेरूनमध्ये 2005 साली थांबवाव्या लागल्या. चाचणीच्या काळात संसर्ग झाल्यास आमच्या उपचाराची जबाबदारी कोण घेणार, हा तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा व त्यांच्या पाठीराख्यांचा प्रश्न होता. तो रास्त होता. 2005 साली ‘नारी’मध्ये भारतातील पहिली एड्स प्रतिबंधक लसचाचणी सुरू झाली तेव्हाही स्वयंसेवकांच्या संमतीचा व विम्याचा मुद्दा चर्चेत आला होता.

पुण्याच्या नावावर आणखी एक मोठा टप्पा आहे. एक जोडीदार बाधित व दुसरा मुक्त अशा 1,763 जोडप्यांवर नऊ देशांत झालेल्या चाचणीत पुणे व चेन्नई ही भारतीय केंद्रे होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास मुक्त जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी टळतो, असा तिचा 2011 मधील निष्कर्ष होता. ‘उपचार हाच प्रतिबंध’ हे सूत्र त्यातून जगभर मान्य झाले. परंतु येथेही औषध घेणारा बाधित आहे आणि रक्षण दुसऱ्याचे आहे. शिवाय ज्या नवऱ्याने कधी चाचणीच केली नाही, त्याच्या पत्नीला या सूत्राचा उपयोग नाही.

गोळी कोणासाठी :

निरोगी व्यक्तीने रोज एक गोळी घेऊन स्वतःचे रक्षण करावे, या कल्पनेला निर्णायक आधार मिळाला तो 2010 मधील आयप्रेक्स चाचणीने. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष व तृतीयपंथी स्त्रिया यांच्यात टेनोफोविर व एम्ट्रिसिटाबिन यांच्या संयुक्त गोळीने संसर्ग 44 टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर आढळले त्यांच्यात रक्षण याहून कितीतरी अधिक होते. केनिया व युगांडातील जोडप्यांच्या चाचणीत याच संयुक्त गोळीने 75 टक्के रक्षण दिले. 16 जुलै 2012 रोजी अमेरिकेने गोळीला मान्यता दिली, 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती भरीव जोखीम असलेल्या सर्वांसाठी सुचवली.

पण त्याच वर्षांत आफ्रिकेतील तरुण स्त्रियांच्या ‘व्हॉइस’ या चाचणीने संशोधकांना बुचकळ्यात टाकले. स्त्रिया सांगत होत्या की आम्ही औषध नियमित घेतो. रक्ततपासणीत ते जेमतेम एकतृतीयांशहून कमी नमुन्यांत आढळत होते. त्यांना खोटारडे ठरवणे सोपे होते. मात्र ज्या स्त्रीला घरात गोळ्यांची बाटली लपवावी लागते, बाटलीवरून लोक तिलाच बाधित समजतील अशी भीती असते, आणि आपण जोखमीत आहोत हे मान्य करणे म्हणजे जोडीदारावर आरोप करणे ठरते, तिचे मौन समजण्यासारखे आहे. मुंबई व चेन्नई येथे समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांशी बोलून केलेल्या एका अभ्यासातही (2015) गोपनीयतेची हीच चिंता समोर आली. औषधाचे यश गोळीत जितके असते तितकेच ती ठेवण्याच्या जागेतही असते.

भारतात प्रत्यक्ष प्रयोग झाले ते कोलकात्याच्या सोनागाची वस्तीत दुर्बार महिला समन्वय समितीमार्फत व म्हैसूरला अशोदया समितीमार्फत. दोन्ही संघटना देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच आहेत. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, त्यामुळे डॉक्टरसमोर खरे सांगण्यातील एक मोठा अडसर दूर झाला. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी व सुईने अमली पदार्थ घेणारे यांना प्राधान्याने गणले आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही चाचणी नकारात्मक असावी लागते, मूत्रपिंडाचे कार्य व यकृताची ‘ब’ कावीळ तपासावी लागते, आणि दर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. इतर गुप्तरोग वा गर्भधारणा यांपासून गोळी वाचवत नाही. कंडोमची गरज संपत नाही.

वाळूज-बजाजनगर :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पश्चिमेस, अहिल्यानगर-पुणे रस्त्यालगत वाळूज औद्योगिक वसाहत आहे. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याभोवती सुट्या भागांचे, रंगकामाचे, पॅकिंगचे शेकडो छोटे उद्योग उभे राहिले. कामगारांच्या निवासातून बजाजनगर आकाराला आले. जालना, बीड, परभणी, बुलढाणा या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून तरुण येथे आले. आयटीआयचे प्रमाणपत्र, एका ओळखीच्या माणसाचा पत्ता आणि भाड्याच्या खोलीतील एक कोपरा, एवढ्यावर अनेकांचा संसार सुरू झाला. पुढे कायम कामगारांनी घरे बांधली, त्याच घरांत खोल्या काढून कंत्राटी कामगारांना भाड्याने दिल्या. कारखान्यांतून माल नेणाऱ्या ट्रकांची ये-जा रात्रंदिवस असते.

एड्स नियंत्रणाच्या परिभाषेत हे गाव म्हणजे दोन ‘सेतू गटां’चे एकत्र ठिकाण ठरते : एकट्याने राहणारा स्थलांतरित पुरुष आणि ट्रकचालक. ही संज्ञा कार्यक्रमाच्या आखणीसाठी सोयीची असेल. परंतु सेतूला दोन टोके असतात आणि संज्ञेत दुसऱ्या टोकाचे नाव येत नाही. गावी राहिलेली अथवा लग्नानंतर बजाजनगरच्या खोलीत राहायला आलेली पत्नी कोणत्याच गटात मोडत नाही. 1997 च्या पुण्याच्या अभ्यासाने जिला प्रकाशात आणले तीच ही स्त्री. तिच्या बाबतीत व्यवस्थेचा पहिला संपर्क होतो तो गर्भारपणात, रक्ततपासणीच्या वेळी, म्हणजे पुन्हा बालकाच्या निमित्ताने. तोपर्यंत तिची जोखीम कोणी विचारलेली नसते.

नाकोच्या 2021 च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे 24 लाख लोक असून त्यांपैकी सर्वाधिक, 3.94 लाख, महाराष्ट्रात आहेत. प्रौढ लोकसंख्येतील देशाचे प्रमाण 0.21 टक्के इतके खाली आले आहे, हे यश लहान नव्हे. त्यामुळेच प्रत्येकाला गोळी द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पन्नास हजारांहून अधिक नवे संसर्ग वर्षाला होत असताना ती नेमकी कोणाला द्यावी, हे ठरवणे मात्र भाग आहे.

वाळूजचा या इतिहासाशी आणखी एक, अगदी निराळा संबंध आहे. याच औद्योगिक वसाहतीत मायलन लॅबोरेटरीज (2020 पासून व्हियाट्रिस समूह) या कंपनीचा तयार औषधांचा कारखाना असून एचआयव्हीविरोधी गोळ्यांच्या उत्पादनात या कंपनीचे स्थान जगात अग्रभागी राहिले आहे. 2001 च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला आणि स्वस्त भारतीय औषधांचे युग सुरू झाले. 2003 ते 2008 या काळात गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी देणगीदारांच्या निधीतून घेतलेल्या एचआयव्ही औषधांपैकी 80 टक्क्यांहून अधिक औषधे भारतीय बनावटीची होती. टेनोफोविरवरील गिलियड कंपनीचे पेटंट अर्ज भारतीय कार्यालयाने 2009 साली फेटाळले. त्यांना विरोध करणाऱ्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटना होत्या. नैरोबी किंवा लुसाकाच्या दवाखान्यातील बाटलीवर महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतीचा पत्ता छापलेला असावा आणि त्या वसाहतीलगतच्या खोलीत त्या गोळीचे नावही ठाऊक नसावे, ही विसंगती औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांनी नोंदवण्याजोगी आहे.

सहामाही इंजेक्शन :

2024 साली दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण स्त्रियांच्या चाचणीचा निकाल आला. सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचावयाचे लेनाकापाविर घेतलेल्या 2,134 स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेने 18 जून 2025 रोजी त्याला मान्यता दिली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. अमेरिकेतील त्याची किंमत वर्षाला 28 हजार डॉलरहून अधिक आहे. गिलियडने ऑक्टोबर 2024 मध्ये 120 देशांसाठी सहा कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले, डॉ. रेड्डीज, हेटेरो, पुण्याची एमक्युअर आणि मायलन या त्यांतील भारतीय उत्पादक. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने या औषधाच्या पेटंटला आधीच हरकत घेतली होती. सप्टेंबर 2025 मध्ये डॉ. रेड्डीज व हेटेरो यांच्याशी झालेल्या स्वतंत्र करारांनी 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलर ही किंमत जाहीर झाली.

लपवावी लागणारी बाटली या औषधाने खोलीतून नाहीशी होते, आणि वर्षाला दोनच फेऱ्या म्हणजे पाळीच्या कामावर जाणाऱ्याची रजाही वाचते. इंजेक्शनपूर्वी चाचणी मात्र करावीच लागते. आणि समुपदेशन केंद्राच्या नोंदवहीत अजूनही जोखमीचे कारण लिहावयाचा एक रकाना आहे.